'अशा अफवा आहेत की…' इंग्रजीत लिहिताना दॅटच्या आधी काय यायला हवं

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांच्या तोंडून दोन प्रकारची वाक्यं सहज येतात. एक, 'बोट उशिरा येणार असं तिकीटवाला म्हणाला.' दुसरं, 'बोट बंद होणार अशा अफवा आहेत.' पहिल्या वाक्यात सांगणारा माणूस समोर आहे आणि सांगण्याचं काम 'म्हणाला' हे क्रियापद करतं. दुसऱ्यात सांगणारा कुणी दिसत नाही. तिथं ते काम 'अफवा' हे अनेकवचनी नाम एकट्यानं करतं. इंग्रजीत दोन्हीकडे सांधा एकच आहे, 'दॅट'. त्यामुळे नव्यानं शिकणाऱ्याचं सगळं लक्ष दॅटवर जातं. चुका मात्र बहुतेक वेळा दॅटच्या आधीच होऊन गेलेल्या असतात: क्रियापद चुकीचं निवडलेलं असतं, नाम एकवचनी की अनेकवचनी हे पाहिलेलं नसतं, किंवा ज्याला सांगितलं तो माणूस वाक्यातून गळालेला असतो.

इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा, कारण यातल्या निम्म्या चुका कानाला आधी कळतात.

पायरी १: मराठी वाक्यातला सांधा शोधा आणि वाक्य उलटं करून घ्या

मराठीत हा सांधा तीन रूपांत येतो: 'की', 'असा-अशी-असं-अशा' आणि बोलताना 'म्हणून'. 'बोट येणार म्हणून सांगितलं' यातलं 'म्हणून' कारण देत नाही, ते फक्त निरोप जोडतं. गोव्यात घराबाहेर पडलं की कोकणीतलं 'म्हण'ही कानावर असतंच: 'फेरीबोट बंद जातली म्हण लोक सांगतात.' इंग्रजीत या सगळ्यांच्या जागी दॅट येतो.

अडचण क्रमाची आहे. 'की' असेल तर मराठीचा आणि इंग्रजीचा क्रम जुळतो: आधी 'तो म्हणाला', मग 'की', मग मजकूर. 'अशा', 'म्हणून' किंवा 'म्हण' असेल तर मराठीत आणि कोकणीत मजकूर आधी येतो आणि सांगण्याचा शब्द मागून. इंग्रजीला हा क्रम चालत नाही. म्हणून भाषांतर सुरू करण्याआधी मराठी वाक्य मनातल्या मनात फिरवून घ्या:

'बोट बंद होणार अशा अफवा आहेत' याचं 'अफवा आहेत की बोट बंद होणार' असं करा. मग इंग्रजी वाक्य आपसूक उतरतं: 'देअर आर रूमर्स दॅट द फेरी विल स्टॉप.'

आणखी एक गोष्ट इथंच पक्की करून टाका. मराठीत 'असा' हा शब्द नामाप्रमाणे बदलतो: असा दावा, अशी भीती, असं आश्वासन, अशा अफवा. या सवयीनं पुष्कळ जण अनेकवचनी नामापुढं 'दोज' लिहितात, 'रूमर्स दोज द फेरी विल स्टॉप'. हे चूक आहे. 'ते पुस्तक, ती पुस्तकं' दाखवणारा दॅट वेगळा, त्याचं अनेकवचन दोज होतं. हा जोडणारा दॅट कधीच बदलत नाही. उच्चारातही फरक आहे: दाखवणारा दॅट ठासून म्हणतात, जोडणारा अर्धवट गिळून 'दट' असा.

पायरी २: क्रियापदाला माणूस लागतो का ते बघा

शाळेत 'से' आणि 'टेल' यांचा फरक शिकवतात, पण तो या दोन शब्दांपुरताच आहे असं मुलांना वाटतं. खरं तर सांगण्याची सगळी क्रियापदं याच दोन रांगांत उभी असतात.

पहिल्या रांगेत से, एक्सप्लेन, अनाउन्स, मेन्शन, ॲडमिट, कम्प्लेन, सजेस्ट, कन्फर्म, पॉइंट आउट. यांच्यामागून थेट दॅट येतो. ऐकणारा माणूस सांगायचाच असेल तर त्याच्याआधी 'टू' लागतो: 'शी एक्सप्लेन्ड टू अस दॅट द फॉर्म वॉज इनकम्प्लीट.' 'शी एक्सप्लेन्ड अस दॅट' किंवा 'ही सजेस्टेड मी दॅट' हे चुकीचं. चूक का होते ते सरळ आहे. मराठीत 'आम्हाला सांगितलं', 'आम्हाला समजावलं', 'आम्हाला सुचवलं' सगळीकडे एकच 'ला' पुरतो, त्यामुळे हे दोन वेगळे प्रकार आहेत याची कुठं खूणच मिळत नाही.

दुसऱ्या रांगेत टेल, इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स, नोटिफाय. यांना दॅटच्या आधी माणूस लागतोच, आणि तोही 'टू'शिवाय: 'द क्लार्क टोल्ड मी दॅट…', 'द पंचायत इन्फॉर्म्ड द रेसिडेंट्स दॅट…'. 'ही टोल्ड दॅट' हे वाक्य गोव्यातल्या कुठल्याही वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येईल, कारण 'त्यानं सांगितलं की' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत ते लंगडं आहे. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, कुणाला सांगितलं?

कार्यालयीन पत्रात हीच चूक थोडी वेगळी दिसते. नोटिशीत 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट' असं छापलेलं असतं. ते बरोबर आहे, कारण कर्मणी प्रयोगात 'यू' हाच तो माणूस आहे, फक्त तो पुढं येऊन बसला आहे. वाचणाऱ्याला मात्र 'इन्फॉर्म्ड' आणि 'दॅट' शेजारी शेजारी दिसतात आणि तो स्वतःच्या पत्रात लिहितो, 'वी इन्फॉर्म दॅट' किंवा 'इट इज इन्फॉर्म्ड दॅट'. दोन्हीत माणूस हरवला. 'वी इन्फॉर्म यू दॅट' लिहा, किंवा पत्राच्या सुरुवातीला रुळलेलं 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट' घ्या. पहिल्या रांगेतल्या क्रियापदांना मात्र 'इट' चालतो: 'इट वॉज अनाउन्स्ड दॅट', 'इट इज सेड दॅट'. आपलं 'असं म्हणतात की' इंग्रजीत न्यायला हे शेवटचं फार उपयोगी आहे.

वॉर्न, प्रॉमिस आणि शो यांचं दोन्हीकडे चालतं, माणूस असला तरी ठीक, नसला तरी ठीक. शोचा कर्ता माणूसच असायला हवा असंही नाही. निकाल, आकडे, नोंदी हेही 'सांगतात': 'द रिझल्ट्स ऑफ द १९६७ ओपिनियन पोल शोड दॅट १,७२,१९१ व्होटर्स हॅड व्होटेड अगेन्स्ट द मर्जर अँड १,३८,१७० हॅड व्होटेड फॉर इट.' गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या या जनमत कौलाच्या आकड्यांना 'सेड' लावलं तर विचित्र वाटेल. 'शोड' चपखल बसतो.

आता दोन क्रियापदं, जी पाहुणी म्हणून या घरात शिरतात. पहिलं 'आस्क'. 'त्यानं विचारलं की बोट कधी सुटते' यात 'की' आहे, पण इंग्रजीत दॅट नाही. प्रश्नशब्दच सांध्याचं काम करतो: 'ही आस्क्ड व्हेन द फेरी लेफ्ट.' आणि मराठी प्रश्नाच्या शेवटी 'का' असेल, 'बोट सुटली का', तर इंग्रजीत 'व्हेदर' किंवा 'इफ' येतो: 'ही आस्क्ड व्हेदर द फेरी हॅड लेफ्ट.' दुसरं 'डिस्कस'. ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'अशी चर्चा झाली की' हे नेहमी येतं, आणि त्याचं 'इट वॉज डिस्कस्ड दॅट' केलं जातं. डिस्कस दॅट घेत नाही. त्याला फक्त विषय लागतो. चर्चेत नेमकं काय म्हटलं गेलं ते लिहायचं असेल तर 'ड्युअरिंग द डिस्कशन, मेंबर्स पॉइंटेड आउट दॅट…' असं लिहा. इतिवृत्तही त्यानं जास्त स्पष्ट होतं.

क्रियापद निवडताना आणखी एक जबाबदारी येते. 'पॉइंट आउट' लिहिलं की सांगितलेली गोष्ट खरी आहे हे तुम्हीही मान्य केलं. 'क्लेम' लिहिलं की ती सिद्ध झालेली नाही असं तुम्ही सुचवलं. 'ॲडमिट' म्हटलं की त्या माणसानं स्वतःकडे काही कमीपणा घेतला. सरपंचानं सहज दिलेल्या माहितीला 'ॲडमिटेड' लावलंत तर तुम्ही त्याच्यावर नकळत ठपका ठेवला. खात्री नसेल तेव्हा 'सेड' वापरा. तो शब्द कुणाची बाजू घेत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा आला तरी बिघडत नाही. 'डिनाय'बद्दल एकच सूचना: त्याच्या पोटातच नकार आहे. 'पैसे घेतले नाहीत असं तो म्हणाला' याचं 'ही डिनाइड दॅट ही हॅड नॉट टेकन मनी' केलं तर अर्थ उलटतो. मधला 'नॉट' काढून टाका.

पायरी ३: अनेकवचनी नामाला कर्त्याच्या जागी बसवा

हा भाग शाळेत जवळजवळ शिकवलाच जात नाही, आणि वर्तमानपत्राचं इंग्रजी मात्र याच्यावर चालतं.

सांगण्याच्या क्रियापदांपासून नामं होतात आणि ती अनेकवचनात वापरली जातात: क्लेमपासून क्लेम्स, कम्प्लेनपासून कम्प्लेंट्स, ॲलेजपासून ॲलिगेशन्स, सजेस्टपासून सजेशन्स, अशुअरपासून अशुअरन्सेस, वॉर्नपासून वॉर्निंग्ज. यांच्या जोडीला मनातल्या गोष्टींची नामं: फिअर्स, होप्स, डाउट्स, कन्सर्न्स. आणि रिपोर्ट्स, रूमर्स, साइन्स. या प्रत्येकामागून दॅट आणि पूर्ण वाक्य येऊ शकतं. से आणि टेल यांना मात्र असं सोयीचं नाम नाही. 'सेइंग्ज' म्हणजे म्हणी, 'टेल्स' म्हणजे गोष्टी. तिथं स्टेटमेंट्स किंवा क्लेम्स घ्यावं लागतं.

अनेकवचनच का? 'अ रिपोर्ट दॅट' म्हटलं की एक ठरावीक बातमी किंवा अहवाल डोळ्यांपुढं येतो आणि वाचक विचारतो, कुठला? 'रिपोर्ट्स दॅट' म्हटलं की अनेक ठिकाणांहून तेच ऐकू येतंय, नेमकं कुणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही, असा अर्थ होतो. म्हणून पहिल्यांदा उल्लेख करताना या अनेकवचनाआधी 'अ' नाही आणि 'द'ही नाही. 'द रूमर्स दॅट' तेव्हाच लिहायचं, जेव्हा कुठल्या अफवा ते वाचकाला आधीच माहीत आहे. मराठीतही 'अफवा आहे' आणि 'अफवा आहेत' यांत हाच फरक आहे, पण 'अफवा' हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच दिसतो, क्रियापदच वचन सांगतं. इंग्रजीत मात्र शेवटचा 'स' राहून गेला की 'देअर आर रूमर दॅट' असं काहीतरी तयार होतं.

या नामांचा सर्वांत मोठा उपयोग शब्दयोगीच्या जागी होतो. इंग्रजीत डिस्पाइट, अबाउट, आफ्टर, अमिड यांच्यामागं थेट दॅट बसत नाही. 'रस्ता दुरुस्त होईल असं सांगूनही' याचं 'डिस्पाइट दॅट द रोड वुड बी रिपेअर्ड' होत नाही. मध्ये एक नाम हवं, ज्याला डिस्पाइट धरू शकेल आणि ज्याच्यामागं दॅट येऊ शकेल: 'डिस्पाइट अशुअरन्सेस दॅट द रोड वुड बी रिपेअर्ड, नथिंग हॅपन्ड.' तसंच 'अमिड फिअर्स दॅट', 'फॉलोइंग कम्प्लेंट्स दॅट'. ही तीन तोंडपाठ करा. अर्जात, बातमीत, परीक्षेच्या निबंधात यांचा उपयोग सतत होतो. अपवाद आहेत, 'एक्सेप्ट दॅट' आणि 'इन दॅट', पण ते सध्या बाजूला राहू द्या.

मजकूर लांब असेल तर आणखी एक सोय आहे. नाम पुढं, क्रियापद मध्ये आणि दॅटचं वाक्य शेवटी ठेवता येतं: 'रिपोर्ट्स केम इन दॅट द रिव्हर हॅड रिझन ॲट साखळी.' नाम आणि दॅट दूर गेले तरी बिघडत नाही, उलट वाक्य हलकं होतं.

आता ज्यांना अनेकवचन करता येत नाही ती नामं. मराठीत 'पुरावे' म्हणतो म्हणून 'एव्हिडन्सेस दॅट' लिहिलं जातं. इंग्रजीत 'एव्हिडन्स दॅट' एवढंच. इन्फर्मेशन आणि प्रूफ यांचंही या जागी तसंच. न्यूजच्या शेवटी 'ज' ऐकू येतो म्हणून तो अनेकवचनी वाटतो, पण त्याला 'इज' लागतो: 'द न्यूज दॅट द स्कूल विल रीओपन इज वेलकम.' फॅक्ट, आयडिया आणि व्ह्यू हे दॅटपुढं बहुधा एकवचनात आणि 'द'सह येतात: 'द फॅक्ट दॅट', 'द आयडिया दॅट'. अटेम्प्ट आणि अबिलिटी यांना तर दॅट चालतच नाही, तिथं 'टू' लागतो. असं का, याचं एक उत्तर आहे: फॅक्ट, रूमर, क्लेम यांच्या पोटात एक पूर्ण विधान असतं, प्रयत्नाच्या पोटात विधान नसतं, काम असतं.

पायरी ४: बोटानं झाकून क्रियापद तपासा

अनेकवचनी नाम, त्याच्यामागं दॅटचं वाक्य आणि मग मुख्य क्रियापद, अशी रचना झाली की दोन क्रियापदं जवळ येतात आणि मन गोंधळतं. एक खरं उदाहरण घेऊ. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्या दिवसाबद्दल लिहायचं झालं तर वाक्य असं होईल:

'रिपोर्ट्स दॅट द मांडवी ब्रिज हॅड कोलॅप्स्ड वेअर ट्रू.'

'कोलॅप्स्ड वेअर' शेजारी आले की नवख्याला वाटतं इथं चूक झाली. त्यातून वेअरच्या सर्वांत जवळ 'ब्रिज' हे एकवचनी नाम, म्हणून तो 'वॉज' करून टाकतो. कागदावर दॅटपासून कोलॅप्स्डपर्यंतचा भाग बोटानं झाका. उरतं 'रिपोर्ट्स … वेअर ट्रू'. बरोबर. उलट बाजूनं 'द क्लेम दॅट ऑल द फेरीज आर लेट इज नॉट ट्रू' यात मधला भाग झाकला की 'द क्लेम … इज' दिसतं, फेरीजच्या मोहात पडायचं कारण राहत नाही. मराठीत ही अडचण येत नाही, कारण मजकूर आधी संपतो आणि 'बातम्या खऱ्या होत्या' हे दोन्ही शब्द शेवटी एकत्र येतात. म्हणूनच मराठी माणसाला ही तपासणी मुद्दाम लावून घ्यावी लागते.

इथंच आणखी एका जुळ्या रचनेची ओळख करून घ्या. 'द रूमर दॅट स्प्रेड इन म्हापसा' आणि 'द रूमर दॅट द मार्केट विल क्लोज' वरून सारख्या दिसतात. पहिल्यात दॅट म्हणजे 'जी': म्हापशात पसरली ती अफवा. दुसऱ्यात अफवेचा मजकूर आहे: बाजार बंद होणार अशी अफवा. मराठीत फरक सहज कळतो, एकीकडे 'जी-ती', दुसरीकडे 'अशी'. इंग्रजीत तपासायचं तर दॅट काढून उरलेला भाग वाचा. 'द मार्केट विल क्लोज' हे पूर्ण वाक्य आहे, म्हणजे हा मजकूर. 'स्प्रेड इन म्हापसा' अपुरं आहे, म्हणजे हा 'जी'वाला. मजकुराच्या दॅटच्या जागी 'विच' कधीही लिहू नका.

पायरी ५: काळ आणि 'मी' सांभाळा

मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलतो. 'राजू म्हणाला की मी उद्या येतो' यातला 'मी' म्हणजे राजू, हे कुणालाही कळतं. 'राजू सेड दॅट आय विल कम टुमॉरो' लिहिलं की इंग्रजी वाचकाला वाटतं येणार तुम्ही आहात. तिथं 'ही' हवं: 'राजू सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' या एका चुकीनं अर्थ पूर्ण बदलतो, म्हणून ती काळाच्या चुकीपेक्षा गंभीर आहे.

काळाचा नियम शाळेत यंत्रासारखा शिकवतात: सेड आला की सगळं एक पाऊल मागं, इज चा वॉज, विल चा वुड, हॅज चा हॅड. परीक्षेत तो पाळा. प्रत्यक्ष लिहिताना, सांगितलेली गोष्ट आजही तशीच असेल तर वर्तमानकाळ ठेवला तरी चालतो: 'द टीचर सेड दॅट गोवा हॅज टू डिस्ट्रिक्ट्स' हे शिक्षकानं दोन जिल्हे असतानाच सांगितलेलं वाक्य असेल आणि आजही दोनच जिल्हे असतील, तर ते वाक्य योग्य, परिस्थिती बदलली असेल तर 'हॅड'. नामालाही हेच लागू: 'देअर आर रिपोर्ट्स दॅट द रिव्हर हॅज रिझन', पण 'देअर वेअर रिपोर्ट्स दॅट द रिव्हर हॅड रिझन'.

मागणीच्या शब्दांचं वेगळं आहे. रिक्वेस्ट, डिमांड, रेकमेंड, इन्सिस्ट आणि त्यांची नामं यांच्यामागच्या दॅटमध्ये काही व्हावं अशी इच्छा असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं: 'डिमांड्स दॅट द ऑफिसर रिझाइन'. रिझाइन्स नव्हे, आणि ही छपाईची चूकही नव्हे. 'शुड रिझाइन' लिहिलं तरी चालतं. मराठीतला 'राजीनामा द्यावा' यातला 'वा' इथं खुणेला उभा असतो: मराठीत 'वा-वी-वे' आलं की इंग्रजीत मूळ रूप.

एक अर्ज, ओळीओळीनं

१९८७ च्या राजभाषा कायद्यानं गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. इंग्रजीतच द्यायचा असेल तर मराठी मसुदा आधी लिहा. समजा तो असा आहे:

'आठवड्यातून तीनच दिवस पाणी येते अशा आमच्या तक्रारींना उत्तर मिळालेले नाही. पाइपलाइन बदलू असे आश्वासन आम्हाला देण्यात आले होते. टाकीतले पाणी पिण्याजोगे नाही अशी भीती लोकांत आहे. तरी पावसाआधी पाइप दुरुस्त करावा ही विनंती.'

पहिलं वाक्य फिरवा: तक्रारी, की पाणी तीनच दिवस येतं, उत्तर नाही. 'अवर कम्प्लेंट्स दॅट वॉटर कम्स ओन्ली थ्री डेज अ वीक हॅव नॉट बीन आन्सर्ड.' बोटानं झाका: कम्प्लेंट्स हॅव. वाचायला जड वाटलं तर दोन वाक्यं करा, 'वी हॅव कम्प्लेन्ड दॅट वॉटर कम्स ओन्ली थ्री डेज अ वीक. वी हॅव हॅड नो रिप्लाय.' अर्जात ही दुसरी रीत जास्त बरी. अधिकारी घाईत वाचतो.

दुसऱ्या वाक्यात 'आम्हाला' आहे, म्हणजे अशुअरला लागणारा माणूस हजर आहे: 'वी वेअर अशुअर्ड दॅट द पाइपलाइन वुड बी रिप्लेस्ड.' मूळ शब्द 'बदलू' होता म्हणून विल, आणि वेअरमुळे वुड. 'आम्ही बदलू' मधला 'आम्ही' इथं आणू नका, नाहीतर पाइपलाइन तुम्ही बदलणार असं होईल.

तिसऱ्यात भीती कुणाची ते नेमकं नाही, सगळ्या वाड्याची आहे. अनेकवचनी नामाची हीच जागा: 'देअर आर फिअर्स दॅट द वॉटर इन द टँक इज नॉट फिट टू ड्रिंक.' मराठीत 'भीती' एकवचनी आहे, इंग्रजीत फिअर्स. 'देअर इज अ फिअर दॅट' चूक नाही, पण त्यात इतक्या लोकांची भीती जाणवत नाही.

चौथ्यात 'करावा' आहे: 'वी रिक्वेस्ट दॅट द पाइप बी रिपेअर्ड बिफोर द मॉन्सून.' 'वी रिक्वेस्ट यू दॅट' लिहू नका. 'यू' घ्यायचा असेल तर पुढं 'टू' येतो, 'वी रिक्वेस्ट यू टू रिपेअर द पाइप'.

दॅटच्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम नको. दॅट गाळता येतो तो से, थिंक, नो अशा रोजच्या क्रियापदांनंतर, बोलताना. नामानंतर आणि अर्जात तो ठेवा. एका नामाला दोन मजकूर जोडायचे असतील तर दॅट दोनदा लिहा, 'कम्प्लेंट्स दॅट द वॉटर इज डर्टी अँड दॅट द टँक इज ओपन', म्हणजे दुसरीही तक्रारच आहे हे कळतं.

सरावाला रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र पुरेसं आहे, मग ते 'नवहिंद टाइम्स' असो वा १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन १९८३ पासून इंग्रजीत निघणारं 'हेराल्ड'. मथळे सोडून द्या, तिथं दॅट गाळलेले असतात. बातमीच्या पोटात शिरा, पंधरा मिनिटांत सापडतील तेवढे दॅट अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या आधीचा शब्द वहीत दोन रकान्यांत उतरवा, एकीकडे क्रियापदं, दुसरीकडे नामं. नामाच्या रकान्यात शेवटी 'स' असलेली किती ते मोजा, आणि प्रत्येकाचं मुख्य क्रियापद शोधून त्याच्यासमोर लिहा.